मित्राला सुतक नसतं

पत्र:

ताई, माझं नाव छापू नका, त्याचंही नको. मी तबला वाजवतो, नोकरी फोर्टला बँकेत. आमचा ग्रुप आहे, भजनं, नाट्यपदं, दिवाळी पहाट असं सगळं करतो. पेटीला माझा मित्र, २४ वर्षं सोबत. दर गुरुवारी गिरगावात त्याच्या खोलीवर प्रॅक्टिस, बाकीचे साडेनऊला निघायचे आणि आम्ही दोघं अकरापर्यंत बसायचो, तो पेटीवर लहरा धरायचा, म्हणजे एकच सुरावट पुन्हा पुन्हा, आणि मी तबला वाजवायचो. जूनमध्ये एका गुरुवारी म्हणाला डावा हात भरून आलाय रे. मी म्हटलं भाता मारून भरला असेल, लहरा चालू ठेव. शुक्रवारी सकाळी बाथरूमच्या दारात पडला, हॉस्पिटलला नेईपर्यंत संपलं होतं. वय ५१. चार महिने झाले, मी तबल्याची गवसणी काढलेली नाही. झोप धड नाही. वहिनी म्हणतात पेटी घेऊन जा, मला समोर बघवत नाही, पण माझा पाय निघत नाही. आता ग्रुपवाल्यांनी दिवाळी पहाटसाठी २२ वर्षांचा एक मुलगा बघितलाय पेटीला, आणि कार्डावरून मित्राचं नाव काढणार म्हणतायत. मी म्हटलं मग माझंही काढा. घरी बायको म्हणते किती दिवस असं, सख्खा भाऊ गेल्यासारखं करताय. काय करू?

उत्तर:

दादा, तुमच्या घरच्यांच्या त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते. सख्खा भाऊ गेल्यासारखं करताय. त्या वाईट मनाने नाही बोलल्या, नवरा चार महिने रात्री छताकडे बघत पडलाय हे बघणाऱ्या बाईचंही सोपं नसतं, पण तुमचं दुखणं नेमकं त्या वाक्यात आहे असं मला वाटतं. कारण सख्खा भाऊ गेला असता तर तुम्हाला सुतक आलं असतं. दहा दिवस, कुणाकडे तेरा दिवस, तुम्हाला कुणी कशाला हात लावू दिला नसता, लोक घरी येऊन समोर बसले असते, कसं झालं हो एकदम म्हणून विचारलं असतं, आणि तुम्ही तीच हकीकत पंचवीस-तीस वेळा सांगितली असती. सांगून सांगून ती जरा तरी अंगात मुरते, म्हणूनच आपल्याकडे भेटायला जायची रीत आहे. मित्राला सुतक नसतं. तुम्ही खांदा दिला असणार, घरी येऊन आंघोळ केली असणार आणि सोमवारी नेहमीच्या लोकलने फोर्टला जाऊन लोकांची पासबुकं बघितली असणार. ऑफिसात कुणी विचारलं असेल तर फार तर एवढंच, की काय हो, कोण होते तुमचे. मित्र होता म्हटल्यावर समोरचा अरेरे म्हणतो आणि विषय संपतो.

१० मे २०२२ ला संतूरवादक शिवकुमार शर्मा इथे मुंबईत गेले. दुसऱ्या दिवशी विलेपार्ल्याला अंत्यसंस्कार झाले तेव्हा तबलावादक झाकीर हुसेननी खांदा दिला होता आणि नंतर चितेपाशी ते एकटे उभे आहेत असा एक फोटो सगळीकडे फिरला, तुम्हीही बघितला असेल. लोक त्या फोटोवर धर्माबद्दल बरंच लिहीत होते आणि ते चांगलंच होतं, पण मी गाणारी बाई आहे, मला त्या फोटोत साथीदार दिसला. एका माणसासोबत अनेक दशकं स्टेजवर बसल्यावर तो श्वास कुठे घेणार, मान कधी हलवणार हे ज्याला आधी कळतं असा माणूस. हे नातं घरच्यांनाही पूर्ण माहीत नसतं, आणि त्यात घरच्यांची चूक नाही. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाईही गेले तेव्हा मी तो फोटो परत काढून बघितला.

तर तुमच्या नशिबी सुतक नव्हतं म्हणून तुम्ही स्वतःच ते धरलंत, तबल्यावर गवसणी घालून. मला त्यात काही चूक वाटत नाही. पण खऱ्या सुतकाला एक गोष्ट असते जी तुमच्याकडे नाही, ते कधी फिटणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. तुमचं नुसतं चालूच आहे. ती तारीख आपण ठरवू या, शेवटी येते तिच्याकडे.

आता तो डावा हात. मला कळतंय की सगळं पत्र तुम्ही त्या एका ओळीसाठी लिहिलंय, बाकीचं तिच्या आजूबाजूला आहे. मी तुम्हाला खोटी समजूत घालणार नाही. त्या रात्री त्याला कुणी डॉक्टरकडे नेलं असतं, ईसीजी काढला असता तर कदाचित वेगळं झालं असतं, कदाचित नसतंही झालं, आता ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तुम्ही त्या खोलीत बसून काय ऐकलंत ते बघा. पेटीवाला म्हणतोय डावा हात भरून आला. अहो पेटीवाल्याचा डावा हात भरणारच, तोच तर भाता मारतो तासन्‌तास, या २४ वर्षांत ही तक्रार तुम्ही किती वेळा ऐकली असेल आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी तो ठणठणीत असेल. दुसऱ्या कुणा क्लार्कने, ड्रायव्हरने म्हटलं असतं तर कदाचित तुमच्या डोक्यात काही आलं असतं. तुमच्या दोघांच्या वाद्यांनीच तुम्हाला चकवलं. आणि त्यालाही तसंच वाटलं ना, नाहीतर त्याने पेटी बंद केली असती, वहिनी तिथेच असणार, त्यांना हाक मारली असती. त्याने पुढे लहरा धरला. तुम्ही जबरदस्ती केली नव्हती, दोघांनाही बसायचं होतं, दर गुरुवारी बसायचं असायचं तसं.

ही गोष्ट तुम्ही अजून कुणाला तोंडाने सांगितली आहे का? पत्रात तसं दिसत नाही, म्हणून विचारते. आधी घरी मिसेसना सांगा. माझा अंदाज आहे की त्यांना फक्त तबला बंद आहे एवढंच दिसतंय, हे आत काय आहे ते माहीतच नाही. वहिनींना आपणहून जाऊन सांगायची घाई करू नका, त्यांच्यापुढे आपलं ओझं टाकून मोकळं व्हायला जायचं नाही. पण त्या एक दिवस विचारतील, की त्या रात्री तुम्ही दोघं काय बोलत होतात, बायका विचारतातच कारण ते शेवटचे दीड तास तुमच्याकडे आहेत त्यांच्याकडे नाहीत. तेव्हा लपवू नका. जे बोललात ते जसंच्या तसं सांगा. कुणी सांगावं, सकाळी उठल्यावर तो त्यांनाही हातच दुखतोय म्हणाला असेल आणि त्याही चार महिने हेच गिळून बसल्या असतील.

आणि ग्रुपमध्ये एकदा बोला यावर, सगळे पंचेचाळीस-पन्नासच्या पुढचे असणार. छातीत दाब किंवा जळजळ, डावा हात, जबडा, पाठ दुखणं, दरदरून घाम, धाप, मळमळ, यातलं काही अचानक सुरू झालं तर ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊन झोपायचं नाही, जिने चढउतार करायची नाही, १०८ ला फोन करायचा नाहीतर टॅक्सीत घालून जवळच्या हॉस्पिटलला न्यायचं आणि पहिला ईसीजी काढायचा. गाणारे वाजवणारे लोक हात, खांदा, पाठ दुखते हे रियाजाच्या खात्यात टाकून मोकळे होतात. मी पण टाकलंय. तुमच्या मित्राच्या निमित्ताने आपल्या लोकांना हे कळलं तर बरं होईल.

आता पेटी. दादा, पेटी आणायला जा, आणि लवकर जा. वहिनींना बघवत नाही म्हणजे ती कुठेतरी पलंगाखाली नाहीतर माळ्यावर गेली असणार, आणि गिरगावच्या जुन्या खोलीत अख्खा पावसाळा बंद राहिलेली पेटी म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकून बसतात, पितळी सुरांना ओल धरते, भात्याच्या चामड्याला आणि आतल्या फेल्टला झुरळं लागतात. पेटी ठेवून टिकत नाही, वाजवत राहावी लागते. तुम्ही जायचं टाळताय कारण पेटी उचलली म्हणजे तो गेला हे पक्कं होणार, हे मला कळतं. पण तुम्ही न गेल्याने ती तिथे खराब होतेय आणि वहिनींच्या डोळ्यासमोरून हलतही नाहीये, म्हणजे दोघांचंही नुकसान.

फक्त एक करा. ती पेटी स्वतःची म्हणून घेऊ नका, सांभाळायला नेतोय असं बोला, आणि त्यांना मूलबाळ असेल तर त्यांच्यासमोर बोला, की ही बाबांची पेटी माझ्याकडे आहे, रिपेअर करून ठेवतो, तुम्हाला वाटेल तेव्हा हक्काने मागा. आज मुलांना नको असेल. दहा वर्षांनी एखाद्याला हवी होते, आणि तेव्हा बाबांची पेटी कुणालातरी देऊन टाकली हे कळलं की फार लागतं. मी एका घरात हे जवळून बघितलंय.

जाताना फराळ घेऊन जा. त्यांची यंदा पहिली दिवाळी, घरात कढई चढणार नाही, आपल्याकडे अशा घरी बाहेरूनच फराळ जातो. तुमच्या मिसेसना सोबत न्या. त्या चकल्या करतील आणि तुमच्याबरोबर त्या खोलीत जाऊन बसतील ना, मग सख्खा भाऊ का म्हणायचं हे त्यांना तुम्ही समजावून सांगायची गरज पडणार नाही. आणि तिथेच वहिनींना विचारा, की दिवाळी पहाटला आम्ही वाजवलं तर तुम्हाला चालेल का. हा प्रश्न तुम्ही सगळ्यांना विचारलात, मला विचारलात, त्यांना विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्या नको म्हणाल्या तर यंदा नाही, काही बिघडत नाही. पण माझा अनुभव असा आहे की अशी बाई बहुतेक वेळा वाजवा म्हणते.

मग आला तो २२ वर्षांचा मुलगा. तुम्हाला त्याचा राग आलाय, त्याने काही केलेलं नसताना, आणि हे तुम्हालाही माहीत आहे. मित्राची जागा कुणी घ्यायची नाही असं तुम्हाला वाटतं. बरोबर आहे तुमचं. पण आपल्या गाण्याबजावण्यात जागा या शब्दाचा अजून एक अर्थ आहे ना, आपण म्हणतो बघ काय जागा घेतली, म्हणजे सुरांचं ते खास वळण. त्या जागांचं काय करणार तुम्ही?

तुमच्या मित्राचा लहरा कसा होता मला माहीत नाही, समजा चंद्रकंसातला असेल, बहुतेकांचा असतो, सोळा मात्रांचा तोच तो, बाहेरच्याला वाटतं यात काय आहे, तासभर एकच ओळ. पण तो धरणारा प्रत्येक माणूस वेगळा असतो. कुणी चौदाव्या-पंधराव्या मात्रेला शुद्ध निषादावर जरा रेंगाळतो आणि मग अलगद षड्जावर उतरतो, कुणी तालातल्या खालीच्या मात्रेला भाता किंचित सैल सोडतो की तबल्याला हवा मिळावी, कुणाला कळतं की आता तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा, येतेय आणि तो मुद्दाम काहीच करत नाही, नुसता सरळ उभा राहतो भिंतीसारखा. तुमचा मित्र यातलं काय करायचा? हे जगात एकाच माणसाला माहीत आहे. रेकॉर्डिंगमध्ये सूर येतील पण तो हे का करायचा, कधी करायचा, तुमचा कुठला बोल ऐकून करायचा, ते रेकॉर्डिंगमध्ये नाही, ते तुमच्या कानात आहे. तुम्ही गवसणी काढली नाहीत तर ते तिथेच राहील आणि हळूहळू पुसट होईल.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. माझी एक मैत्रीण होती, माझ्यामागे तानपुऱ्याला बसायची आणि मधेमधे आवाज द्यायची, १९ वर्षं. परळला एकाच चाळीत वाढलो आम्ही. मे महिन्यात एका रात्री ती झोपेत गेली, काही आजार नाही काही नाही. मी वर्षभर गायले नाही. मलाही वाटत होतं की तेच बरोबर आहे, तिच्याशिवाय तोंड उघडणं म्हणजे दगा. तिची एका दादऱ्यात एक जागा होती, गंधारावरून वळून खाली यायची, मी पुढे जायचे आणि ती मागून तेवढीच जागा घ्यायची, लोक तिथे हमखास दाद द्यायचे. वर्षाने मी परत बसले तेव्हा ती जागा मला अर्धी आठवत होती. पहिलं वळण आठवतंय, दुसरं नाही. अजूनही नाही. मी तो दादरा गाते, तिथे आले की पहिलं वळण घेते आणि सरळ खाली उतरते. त्या वर्षात मी एखाद्या शिष्येला ती जागा सांगितली असती तर आज माझ्यामागून ती आली असती. रडून झाल्यावर गायला हवं होतं असं मी नाही म्हणत, रडत रडत बसले असते तरी चाललं असतं.

म्हणून त्या मुलाला बोलवा. ग्रुपच्या प्रॅक्टिसला नको, एकट्याला. त्याला सांगा माझा मित्र हा लहरा असा धरायचा, आणि गाऊन दाखवा. तबलजीला लहरा गाता येतो, डोक्यात तोच तर चालू असतो वाजवताना. पोरगं पहिल्यांदा चुकेल, निषादावर जास्तच थांबेल, तुमच्या डोळ्यात पाणी येईल आणि कदाचित त्याच्यावर खेकसालही. खेकसलात तर नंतर चहा पाजा. त्याने तुमच्या मित्रासारखंच कायम वाजवावं अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, ते त्याच्यावर अन्याय होईल. त्याला ते येत असावं एवढं पुरे, पुढे तो आपलं काढेल.

कार्डावरच्या नावाचं थोडक्यात सांगते कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही, नाव ठेवा. राम-लक्ष्मण ही संगीतकार जोडी आठवते ना, दादा कोंडकेंनी पुढे आणलेली, 'पांडू हवालदार' १९७५ चा. त्यातले राम १९७६ ला गेले, म्हणजे जोडीचं नाव होतंय न होतंय तोच. लक्ष्मण म्हणजे विजय पाटील, त्यांनी पुढचं सगळं काम एकट्याने केलं, 'मैंने प्यार किया' आला १९८९ ला, म्हणजे मित्र जाऊन १३ वर्षं झाली होती, तरी संगीतकार म्हणून नाव राम-लक्ष्मणच. २०२१ ला स्वतः जाईपर्यंत त्यांनी ते बदललं नाही. जयकिशन १९७१ ला गेले तरी शंकर शेवटपर्यंत शंकर-जयकिशन याच नावाने गाणी करत राहिले. मोठ्या मोठ्या सिनेमांच्या टायटलमध्ये हे चालतं तर तुमच्या दिवाळी पहाटच्या कार्डावर का चालू नये? ग्रुपला सांगा, मुलाचं नाव हार्मोनियम म्हणून छापा, आणि लहऱ्याची रचना किंवा स्मरण म्हणून मित्राचं छापा. तुमचं नाव काढायची धमकी मागे घ्या. ते लोकही त्याला गमावून बसलेत, फक्त त्यांचा रस्ता काम करत राहायचा आहे आणि तुमचा थांबायचा, म्हणून एकमेकांवर चिडताय.

अजून एक, हे आजच्या आज करा. फोनमध्ये त्याच्या व्हॉइस नोट असतील, प्रॅक्टिसची रेकॉर्डिंगं असतील, आता ऐकवणार नाहीत, ऐकू नका, पण फोनच्या भरवशावर ठेवू नका. व्हॉट्सॲपमध्ये त्याचं चॅट उघडून मीडियासकट एक्स्पोर्ट करा आणि पेनड्राइव्हवर एक, घरच्या कुणाच्या तरी ड्राइव्हवर एक अशा दोन कॉप्या ठेवा. फोन पडतो, चोरीला जातो, लोकलच्या गर्दीत काय होईल सांगता येत नाही. त्याचा 'निघालास का रे' एवढा तीन सेकंदांचा मेसेजसुद्धा टाकू नका.

झोपेचं मला जरा गंभीरपणे सांगायचंय. चार महिने धड झोप नाही म्हणजे शरीर थकलंय, आणि थकलेल्या डोक्याला तो डावा हात जास्तच मोठा दिसतो, रात्री दोन वाजता तर फारच. तुमच्या फॅमिली डॉक्टरना भेटा, बीपी-शुगर पण बघून घ्या. बोलावंसं वाटलं तर टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. आणि कधी जर असं वाटलं की त्याच्या जागी मीच जायला हवं होतं, किंवा आता जगून काय करायचं, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी घरच्यांना उठवायचं आणि हा नंबर लावायचा. यात कमीपणा काही नाही दादा, तबल्याचा सूर उतरला की आपण हातोडी घेतोच ना.

तर आता तारीख. दिवाळीच्या आधीचा गुरुवार धरा. तोवर फराळ घेऊन जाऊन आलेले असाल, पेटी रिपेअरवाल्याकडून घरी आलेली असेल. त्याला सांगा की सूर साफ कर, भाता बघ, पण सगळी पेटी उतरवून नवीन करू नकोस, आणि जी पट्टी मित्राच्या बोटांनी जास्त झिजलीय ती तशीच राहू दे. गुरुवारी त्या मुलाला साडेनऊलाच बोलवा. गवसणी काढा, तबल्याच्या पुडीला, वरच्या चामड्याला, बोट लावून बघा, चार महिन्यांत सूर बराच उतरलेला असेल, घाई करू नका, कडेची सोळाही घरं हळूहळू फिरून घ्या. आणि त्या दिवशी मोबाईलच्या तानपुऱ्याला लावू नका तबला. जुन्या पेटीचा षड्ज मोबाईलशी तंतोतंत जुळतोच असं नाही, आणि तुम्ही इतकी वर्षं तिच्याच षड्जाला लावत आलात. मुलाला सांगा पेटीची काळी एक पट्टी धरून ठेव, आणि तिला लावा.